आठ तारांच्या गिटारीला पिकअप

सुप्याच्या कार्यक्रमात गिटार मध्येच गप्प झाली आणि वाजवणाऱ्याला ते कळलं नाही. वाजवणारे म्हणजे आमचे मालक. एक अख्खं कडवं ते मुक्या तारांवर हात फिरवत राहिले, वर मानही डोलवत राहिले. मी पुढच्या सतरंजीवर बायकांत बसले होते. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. तिच्या जागी मीही हसले असते.

गायन पार्टी आमच्या पुतण्याची, गाणाराही तोच. जयंती, विहाराचे कार्यक्रम, अशा ठिकाणी ही पार्टी जाते. त्याने गाणं न थांबवता मागे वळून खूण केली, तेव्हा कुठे मालकांनी हात उचलला.

मालकांची सगळी नोकरी साखर कारखान्यात फिटर म्हणून झाली. मिलच्या आवाजात तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, त्याचा कान धड राहील कसा? बारीक, उंच आवाज आधी गेले. म्हैस ओरडलेली ऐकू येते, कुकरची शिट्टी येत नाही. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. शिबिरात मिळालेलं कानाचं यंत्र आहे, पण स्पीकरजवळ गेलं की ते कुंई करतं, म्हणून डब्यात पडून.

ही गिटार गळ्यात अडकवायची नव्हे. ती आडवी, चार पायांवर उभी असते. डाव्या हातात पोलादी कांडी धरून तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. बारामतीतला एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा मालकांनी ती आणली आणि कारखान्यातलं डोकं वापरून तिला खाली दोन पायडलं बसवली. पायडल दाबलं की सायकलच्या ब्रेकची वायर एक तार ओढते आणि सूर चढतो. परदेशात अशी गिटार तयार मिळते, हे पुतण्याने एकदा मोबाइलवर दाखवलं. मालक म्हणाले, "माझी बघून केली आसंल."

पेटीची पट्टी दाबली की तिचा ठरलेला सूर येतो. हिचं तसं नाही. कांडी सुतभर इकडे-तिकडे झाली की सूर गेला. सगळा कारभार कानावर. आणि कान तर असा.

सुप्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुतण्या सांगवीला आमच्या घरी आला. मालक रानात गेले होते. तेवढं बघूनच आला असावा.

"काकी, तात्यांना तुमीच सांगा. पुढच्या महिन्यात कळसच्या विहारात कार्यक्रम हाय. तितं तात्यांचा सत्कार करू. शाल, फुलं, मोठा फोटो."

"आन गिटार?"

"कीबोर्डमधी गिटारचं बटन हाय."

"मग गाणाऱ्याचंबी आसंल. ते दाबू आन तुझाबी सत्कार उरकून टाकू."

तो हसला, पण त्याने ऐकून घेतलं. माणसाला घरी बसवायचं असलं की शाल देतात, हे मला कळतं. त्याचंही चूक नव्हतं. पार्टीचं नाव जातं. शेवटी ठरलं ते असं: गिटारीचा पिकअप गेला आहे, तो बदलायचा. कळसला नीट वाजली तर तात्या राहतील, नाहीतर शाल.

पिकअप म्हणजे तारांच्या खाली साबणाच्या वडीएवढी काळी डबी असते ती. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची तार हलली की ही डबी ते स्पीकरला कळवते. आमच्या डबीतली बारीक तार कुठेतरी तुटली होती.

पहिला पिकअप पुतण्याने मोबाइलवरून मागवला. तो गळ्यात अडकवायच्या गिटारीचा निघाला. त्याला वर सहा बटणं, आमच्या तारा आठ. कडेच्या दोन तारा लांब गल्लीतून बोलल्यासारख्या यायच्या. तो परत पाठवला.

मग पुतण्या पुण्याला जाऊन दुकानातून आठ तारांचा घेऊन आला. त्याला बटणं नव्हती, एक सलग पट्टी होती. आवाज मोठा, सगळ्या तारा सारख्या. पण कसला आवाज! पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मालक मात्र खूश झाले. "आत्ता वाजली," म्हणाले. मी म्हटलं, "ही वाजली न्हाय, बोंबलली."

मी चौथी शिकले आणि मला सारेगम येत नाही. पण चाळीस वर्षं हा माणूस संध्याकाळी वाजवतोय आणि मी तिथेच चुलीपाशी बसलेय. भाकरी कधी उलटायची ते जसं न बघता कळतं, तसा त्या गिटारीचा आवाज मला कळतो. तो गोल होता. मला तोच परत पाहिजे होता. जुनी डबी पिशवीत घातली, एसटीने बारामतीला गेले आणि आमच्या विहिरीची मोटार जळली की तिच्यात नवी तार गुंडाळून भरून देणारा वाइंडर आहे, त्याच्यापुढे ठेवली.

त्याने डबी उलटीपालटी करून बघितली. "मावशी, ही कुठल्या पंपाची?"

"गिटारची."

"गिटारला मोटार आसती व्हय?"

"मोटार न्हाय. पण गुंडाळी हाय ना? गुंडाळी जळली की तू भरतोस. मग ही भर."

त्याने मीटर लावला, काटा हलला नाही. एवढी बारीक तार त्याच्याकडे नव्हती, ती त्याने पुण्याहून मागवली. दहा-बारा दिवसांनी गेले तर दुकानात सबमर्सिबल मोटारींच्या रांगेत आमची डबी ठेवलेली. मोटारीला देतो तसं वार्निशही त्याने दिलं होतं.

"भट्टीत न्हाय घातली, वितळली आसती. उन्हात वाळवली," तो म्हणाला. "आन फेरे जास्तीचे टाकलेत. ऐन वक्ताला कमी पडाया नको."

मोटार भरताना तो असाच हात सैल सोडतो, म्हणून तर लोक त्याच्याकडे जातात. पण इथे त्या जास्तीच्या फेऱ्यांनी झालं काय, की आवाजाची धार गेली. घरी बसवून मालकांनी तार छेडली आणि माझे हात पिठात तसेच थांबले. जुन्यापेक्षाही गोल आवाज होता.

मालक म्हणाले, "मेलाय ह्यो."

"कान मेलाय. आवाज झ्याक हाय."

"वाढीव थोडा."

पुतण्याने वाढवला. नुसता घुमायला लागला. त्यांना घूं-घूं ऐकू यायची, सूर नाही. वरच्या बारीक तारेवर गेले की कांडी घसरायची, जरा खाली यायची, आणि ते तसंच पुढे वाजवत राहायचे. दोन-तीन वेळा मी, सूर चढवा म्हणून, हात वर करून दाखवलं. मग दोन्ही पिकअप आलटून-पालटून लावून बघितले. कुठला लावलाय ते दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसले. पुण्याचा पिकअप लावला की दात शिवशिवायचे, पण कांडी जागेवर. वाइंडरचा लावला की आवाज लोण्यासारखा आणि सूर खाली. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

वाइंडरला फोन करून फेरे कमी होतील का विचारलं. तो म्हणाला, वार्निश दिल्यावर तार सुटत नाही, तुटते.

पुतण्या उठला. "काकी, पब्लिकनं ऐकायचंय का तात्यांनी?"

हा प्रश्न बरोबर होता. मला पाहिजे तो आवाज समोर होता, आणि तो लावून मालक कळसला गेले असते तर बेसूर वाजवून, शाल घेऊन परत आले असते. त्यांना काहीच कळलं नसतं. सगळ्या मंडपाला कळलं असतं.

"पुण्याचा लाव," मी म्हटलं.

"तुला तर त्यो आवडत न्हाय," मालक म्हणाले.

"न्हाय आवडत. पण तुमाला ऐकू येतो. दुसरा ऐकू येत न्हाय, ते कबूल करा एकदा."

ते कांडी फडक्याने पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "वरच्या दोन तारा येत न्हाईत. कारखान्यात हुतो तवापासनंच कमी येत्यात." इतकी वर्षं मी ओरडून बोलत होते, आणि माणूस आज सांगतोय. मला राग आला आणि मी चहा टाकायला उठले.

वाइंडरचा पिकअप फडताळात गेला. त्याला सांगितलं की छान झालाय. खोटं नव्हतं ते.

कळसला पुतण्याने मिक्सरवाल्याला सांगून लोकांकडच्या स्पीकरमधली धार जमेल तेवढी कमी केली. मालकांच्या पायाशी ठेवलेला छोटा स्पीकर तसाच ठेवला. धार सगळी गेली नाही. दोन म्हाताऱ्या उठून मागे जाऊन बसल्या. पण सूर जागेवर होता. दुसऱ्या गाण्यात वर जाताना एकदा कांडी घसरली, मी हात उचलायच्या आत त्यांनी ती परत वर नेली.

परत येताना जीपमध्ये पुतण्या पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगत होता. "तात्या, चार वाजता निघायचं. उशीर करू नका." शालीचं नाव त्याने काढलं नाही. मालक माझ्याकडे झुकून म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात एक जागा चुकली."

"व्हय."

"मला कळली."

आता संध्याकाळी ते वाजवायला बसले की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. त्यांनी विचारलं, दार का लावतेस. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले बरं, आणि वाजवत राहिले.