समुद्रात सोडलेली भाकरी

किनारा सुंदर होता, हे आधीच लिहून टाकते. लिहिताना हात जड होतो, पण तो सुंदर होता. तिन्ही बाजूंनी पिवळट कडे, मध्ये परातीत ओतल्यासारखी वाळू आणि समोर अटलांटिक. कड्यांमुळे वारा आत येत नाही, म्हणून फळी घेऊन लाटांवर उभं राहायला शिकणारी मुलं तिथेच येतात.

"हा आमचा सगळ्यात सुरक्षित किनारा," तिथे शिकवणारी तरुण मुलगी इंग्रजीत म्हणाली. आम्ही कोण ते तिला लगेच आठवलं असावं. तिने तोंडावर हात ठेवला आणि मान खाली घातली.

आमचा मुलगा याच किनाऱ्यावरून गेला. पोर्तुगालमध्ये नोकरी करायचा, सुट्टीच्या दिवशी इथे यायचा. गेल्या हिवाळ्यात एकदा त्याची फळी परत आली. घोट्याला बांधायचा दोर तुटलेला होता. मुलगा आला नाही. शोधणाऱ्यांनी पुष्कळ शोधलं आणि मग तेही थांबले.

तेव्हापासून संभाजीनगरात, छावणीजवळच्या आमच्या घरात, काहीच ठरेनासं झालं. सुतक नाही आणि नेहमीचे दिवसही नाहीत. लोक भेटायला यायचे आणि काय बोलावं ते न सुचून नळाला पाणी कधी येतं ते विचारायचे. मुलाचा फोटो होता त्याच जागी होता. त्याला हार घालायचा की नाही, हे कुणीच कुणाला विचारत नव्हतं. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. मला वाटायचं, कुणीतरी एकदा 'तो गेला' एवढं स्वच्छ म्हणावं. म्हटलं तर निदान रडता येईल.

फुलंब्रीला राहणाऱ्या माझ्या दिरांनी भटजींना विचारून ठेवलं होतं. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग पुढचे दिवस करतात. कायगावला, गोदावरीच्या काठी.

"दादा, तू निस्तं व्हय म्हण. बाकी मी बघतो," दीर म्हणाले.

"गवताला अग्नी देऊ?" हे म्हणाले. "पोरगं तिकडं ठेवून गवताला?"

ह्यांच्या घरची माणसं मेंढरं राखणारी. पाणी म्हणजे विहीर, फार तर धरण. हे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले आणि आमच्या मुलालाही त्यांनी तिथेच शिकवलं. मुलाच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक ह्यांच्या मुठीत. त्या गावात कुणी बुडालं आणि सापडलं नाही, की पाण्यावर भाकरी सोडतात. ती फिरत फिरत जिथे थांबेल तिथे बुडी मारायची. "पाणी कुणाला ठेवून घेत नाय," हे म्हणायचे, आणि एवढ्या एका वाक्यावर आम्ही इतक्या लांब आलो होतो.

भाकऱ्या सासूबाईंनी केल्या होत्या, चुलीपुढे उभ्या करून कडक वाळवलेल्या. निघताना दीर म्हणाले, "दादा, तिकडं पाव भेटत नाय का रं?" कुणीतरी हसावं म्हणून. कुणी हसलं नाही. विमानतळावर तपासणाऱ्याने पिशवीत डोकावून विचारलं, "पापड है क्या?"

"व्हय, पापडच," हे म्हणाले.

किनाऱ्यावर ह्यांनी पँट दुमडली आणि गुडघाभर पाण्यात गेले. आजूबाजूला काळ्या रबरी कपड्यांतली मुलं पडत होती, उठत होती, ओरडत होती. ह्यांनी भाकरी दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवली, ताटात वाढावी तशी. ती गिरकी घेऊन थोडी पुढे गेली. मग लाटेने उचलून ती ह्यांच्या पायाशी आणून टाकली. ह्यांनी पुन्हा सोडली. पुन्हा परत. ह्यांचे ओठ निळे पडायला लागले होते.

मी भरती-ओहोटीबद्दल वाचून आले होते. न राहवून म्हणाले, "अहो, भरती चालू आहे."

"मग?"

"मग आता सगळं किनाऱ्याकडेच येणार."

"सगळं?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. फळ्यांवरच्या त्या प्रत्येक मुलाकडे ते पाहू लागले. कुणी पाण्याखाली गेलं की ते वर येईपर्यंत ह्यांचा श्वास अडकायचा. माझाही.

तेवढ्यात कड्यावरून एक मोठा पांढरा पक्षी उतरला आणि भिजलेली भाकरी चोचीत धरून वर गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की माणसं कशी हात जोडून उभी असतात ते मी पाहिलं आहे. मी म्हणाले, "शिवलं बघा. घेतलं त्याने."

"तो कावळा नाय."

"अहो, इथे कावळा कुठून..."

"कावळा नाय म्हणतो ना मी!" ते इतक्या जोरात ओरडले की शिकवणारी मुलगी लांबून वळून पाहू लागली. मग हळू म्हणाले, "मासे खाणारं पाखरू ते. त्याला काय कळतंय आपलं."

ते फेसाच्या कडेने चालू लागले, खाली पडलेले तुकडे शोधत. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. दीर होते.

"वहिनी, दादा काय म्हणतो? भटजी इचारतेत. आई जेवंना झाली."

हे दूर गेले होते, वाकलेले, हात पाण्यात. मी म्हणाले, "करून टाका, भाऊजी."

"दादा व्हय म्हणला?"

"नाही."

"मग अग्नी कुणी द्यायचा?"

"तुम्ही द्या. तुम्ही काका आहात त्याचे." मग मी म्हणाले, "गेला तो, भाऊजी."

म्हणून झालं. आता रडू येईल म्हणून मी फोन हातात धरून उभी राहिले. लाटा येत होत्या, मुलं ओरडत होती. रडू आलं नाही.

मी पिशवीतून दुसरी भाकरी काढली. चपला हातात घेतल्या आणि ह्यांच्याकडे चालत गेले. पाणी इतकं गार होतं की पायाची हाडं दुखली. फोनचं काही मी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. भाकरी त्यांच्या हातात दिली.

"थोडं पुढे जाऊन सोडा," मी म्हणाले. "तिथे लाट लगेच परत आणणार नाही."