खांबांसमोरचे वाफे

“घराला धोतर आन् अंगनाला फुलपँट, आसला सोंग माझ्या दारात चालाचा नाय.”

करावे गावातले गोटीराम असं म्हणाले, तेव्हा त्यांचा मुलगा नंदकुमार सिमेंटच्या कारंज्याचं चित्र हातात घेऊन उभा होता. तो बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत नुकताच चिकटला होता आणि तिथं दिसेल ते त्याला आपल्या दारात हवं असे. घर मात्र गोटीरामांच्या वडिलांनी बांधलेलं. कौलारू, पुढे ओटी, ओटीला सहा सागवानी खांब. आजूबाजूला एकेक जण स्लॅब टाकत होता. त्यांच्यात हे घर लग्नाला आलेल्या म्हाताऱ्या मामासारखं ताठ बसलं होतं.

बाग खरी हवी होती सुनेला. लग्न होऊन आल्यापासून मालतीबाईचा मोगरा डालड्याच्या डब्यात वाढत होता, म्हणजे वाढत नव्हताच. त्याला जमीन मिळावी, एवढंच तिचं मागणं.

“बाग मीच करनार,” सासऱ्यांनी जाहीर केलं. “घराला शोभंल आशी.”

गोटीरामांची हयात मिठागरात गेली होती. नव्या शहराच्या आखणीत मिठागर गेलं आणि तेव्हापासून ते ओटीवर बसून भरावाचे ट्रक बघत. आता त्यांना एकदम काम सापडलं. जुने जोडीदार नामा आणि पोपट यांना बोलावणं गेलं. दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खांबासमोर एक चौकोनी वाफा, भोवती हातभर बांध, मधून पाट. ओटीवरून बघितलं की वाटे, घरानंच पाय पसरलेत. नंदकुमारनं कारंजं घडी घालून खिशात घातलं.

मग माती भिजवून तिघं म्हातारे वाफ्यात उतरले. एकमेकांचे खांदे धरून टाचांनी माती तुडवू लागले.

“थाप नामा, थाप! बायकोवरचा राग काढ!”

“तो काढला तं हितं विहीर पडंल रे!”

शेजारणी कामं टाकून बघायला आल्या. असं रोज चाललं. शेवटी वाफे ताटासारखे गुळगुळीत झाले.

मालतीबाई हरखून मोगरा घेऊन आली. खुरपं मारलं, ते टण्णकन उडालं. तिनं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तसंच राहिलं, आणि त्यात खांब उलटा उभा राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मिठागरात थेंबभरही पाणी जिरू नये म्हणून जमीन तुडवतात. म्हाताऱ्यांच्या पायांनी आपलं शिकलेलं काम चोख केलं होतं.

ओटीवर चहा चालला होता.

“बाबा, बाग झाली,” नंदकुमार म्हणाला, “आता मीठ कधी काढाचा?”

नामाच्या नाकातून चहा आला. पोपट मांडीवर थापा मारत हसला. गोटीराम हसले नाहीत.

मालतीबाई डबा धरून उभी होती. मिठागर गेल्यापासून सासऱ्यांनी असा वाफा केला नव्हता, आणि पुन्हा करायला जागाही नव्हती. राहू दे डब्यात, असं म्हणणं सोपं होतं. पण मोगऱ्याची पानं पिवळी पडली होती.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “वाफं लय देखनं झालंत. पन याची मुळं जातील कुठून?”

गोटीरामांनी रोपाकडे पाहिलं, मग वाफ्यांकडे. बशीतला चहा अर्धा सोडून ते उठले. कोपऱ्यातली पहार खांद्यावर घेतली आणि ओटी उतरून थेट वाफ्यात गेले.