ओव्याच्या डोंगरातलं भुयार

पनवेलजवळच्या ओवे गावामागच्या डोंगरात एक गुहा होती. साठ सालाच्या आसपास, दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी तिच्यात शिरलो... आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

आम्ही तिघं. मी पनवेलच्या कचेरीत नुकताच कारकून लागलो होतो. युसुफच्या वडिलांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि तो त्यांच्या हाताखाली काम करायचा. तिसरा कान्हा, ओव्याचा. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. मिठागरात जन्म काढायचा नाही म्हणून कान्हा वर्षभर त्याच दुकानात काम शिकत होता. चाचा, म्हणजे युसुफचे वडील, म्हणायचे, याचा हात माझ्या मुलापेक्षा हलका आहे.

गुहेच्या पाठच्या भिंतीत भुयार होतं. ते थेट कर्नाळ्याला निघतं असं लोक सांगायचे. आत जायची हौस माझी... कान्हा नको म्हणत होता. "आमी पन तिकडं जात नाय," म्हणाला. मीच त्याला भरीला घातलं.

पोटावर सरपटत जायचं होतं. पुढे बॅटरी घेऊन कान्हा, मधे मी, मागे युसुफ. दहा-बारा हात गेलो असू, कान्हा वळणाआड गेला आणि उजेडही त्याच्याबरोबर गेला. तेवढ्यात वटवाघळं सुटली... तोंडावर, मानेवर, शर्टात.

मला श्वास घेता येईना. छाती दगडाला घासत होती, मागे सरकता येत नव्हतं. मी ओरडत होतो असं युसुफने नंतर सांगितलं, मला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कुणीतरी माझा घोटा घट्ट धरला.

तो युसुफचा हात होता. मला धीर द्यायला धरलेला. मी मात्र जीव खाऊन लाथा झाडल्या... पायात जाड तळव्याचे बूट होते, आणि युसुफला चष्मा होता.

"अरे पाय आवर! मी आहे, मी!" तो ओरडला. तरी मी आणखी एक लाथ मारली.

बाहेर आलो तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यात काच होती. जास्त लिहवत नाही. गावातून बैलगाडी केली. पनवेलपर्यंत युसुफ ओला पंचा डोळ्यावर दाबून पडून होता.

दारात चाचांनी विचारलं, "कसं झालं हे?" मी तोंड उघडायच्या आत युसुफ बोलला, "अंधारात दगडावर आपटलो, अब्बा."

मी गप्प राहिलो.

मुंबईच्या इस्पितळात डोळा काढावा लागला. जखम चिघळली, मग तो बरेच महिने मुंबईतच, डोंगरीला त्याच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहिला. इकडे चाचांनी राग काढला तो कान्हावर. डोंगर त्याच्या गावचा, वाट दाखवणारा तो. "माझ्या पोराला तिथे नेलंस, आता दुकानाची पायरी चढू नकोस," एवढं बोलून त्यांनी त्याला हाकललं. मी तेव्हा दुकानातच उभा होतो.

कान्हाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो मिठागरावर लागला.

युसुफला भेटायला मी दोनदा डोंगरीला गेलो. दोन्ही वेळा कान्हाचा विषय टाळला... "बरा आहे" म्हणालो. चाचांनीही त्याला काही सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये युसुफ परत आला. दुकानात कान्हा दिसेना, म्हणून त्याने मला विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मी तुला सांभाळायला खोटं बोललो. त्याचा गळा कापायला नाही. अब्बांना तू सांगतोस, की मी सांगू?"

मी सांगितलं. चाचा ओरडले नाहीत, हातही उगारला नाही. चपला घातल्या आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

मिठागरावर भरदुपारी कान्हा गुडघ्याखाली पांढरा झालेला, फावड्याने मीठ ओढत होता. चाचांनी त्याचे दोन्ही हात धरले. "बेटा, माझी चूक झाली. उद्यापासून ये."

कान्हाने हात सोडवून घेतले आणि तळवे पुढे केले. भेगाच भेगा, बोटं सुजून जाड झालेली. "नाय चाचा. या हातांत आता घड्याळाचा बारका चिमटा धरवायचा नाय."

चाचा खाली बसले आणि रडले. एवढा मोठा माणूस बांधावर बसून रडताना मी कधी पाहिला नव्हता.

मी कान्हाला म्हणालो, लाथ माझी होती... "म्हाईत हाय," तो म्हणाला. "तो वरडला ते मी आयकलं व्हतं."

"मग चाचांना तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील असं वाटलं," म्हणाला, आणि पुन्हा फावडं उचललं.

तो परत दुकानात आला नाही. युसुफ एका डोळ्यावर पुढे कित्येक वर्षं घड्याळं दुरुस्त करत राहिला, आणि माझी दोस्ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. कान्हा बाजारात भेटला तर मान हलवायचा. त्याच्यापुढे उभं राहून बोलण्याचं धाडस मला पुन्हा झालं नाही.

दोघंही आता नाहीत. युसुफचे आभार मी त्याच्या हयातीत मानले. कान्हाचे राहिले... मी खरं बोलेन असा त्याला भरवसा होता, आणि त्या भरवशावर तो पाच महिने मिठात उभा होता.