मागचं डावं चाक

आई गेल्यावर बाबांनी एकच वाक्य किती जणांना सांगितलं असेल, त्याला गणती नाही. भेटायला आलेला माणूस चपला काढून आत टेकला, पाण्याचा पेला हातात घेतला, की बाबा सुरू करायचे. "मी त हवा बी काढली होती हो. निघाच्या आधी चारही चाकाची काढली. तरी फुटला." माणूस मान हलवायचा. "आता याच्यापुढं माणसानं काय करावं," म्हणायचा. आणि बाबांचा चेहरा घटकाभर सैल व्हायचा.

मला त्या भेटायला येणाऱ्यांचा मनस्वी राग यायचा. तोंडं पाडून यायचे आणि जाताना आमच्या गाडीचा पोचा निरखून जायचे. पण त्या वाक्यावर मान हलवणाऱ्यांचे मी उपकार मानायचे. बाबा दोन वर्षं जगले ते त्या मानांवर.

झालं होतं ते एवढंच. मे महिन्यात बोरी अरबहून लग्न आटोपून दोघं यवतमाळला परत येत होते. भर दुपारी मागचा डावा टायर फुटला, गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. आई मागे डाव्या बाजूला बसली होती. पाय लांब करता येतात म्हणून ती नेहमी मागेच बसायची. बाबांच्या कपाळाला दोन टाके पडले. आई दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

हवा काढण्याचं बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं. उन्हानं टायरातली हवा फुगते, फुगली की टायर फुटतो, म्हणून ऊन तापायला लागलं की थोडी हवा सोडून द्यायची, असं सगळेच मानतात. हवा मारणारेही तेच सांगतात. बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, कामात काटेकोर. चाकाजवळ उकिडवे बसून, आगपेटीची काडी हवा भरायच्या व्हॉलवर टेकवून, डॉक्टर छाती तपासतो तसा कान देऊन ते हवा सोडायचे. आई म्हणायची, "माह्यापेक्षा त्या चाकाची तब्येत जास्त पाह्यता तुम्ही."

गाडी विकावी असं मी म्हणत होते. बाबांनी ती दुरुस्त करून घेतली आणि वापरायला लागले. मग यंदाच्या हिवाळ्यात भावानं पुण्याहून एक यंत्र पाठवलं. चाकातल्या हवेवर नजर ठेवणारं. नव्या गाड्यांना ते कंपनीतूनच बसवून येतं, आमच्या जुन्या गाडीला मागाहून बसवायचं होतं. त्यात दोन तऱ्हा असतात: एक व्हॉलवर टोपीसारखी बाहेरून फिरवायची, दुसरी टायरच्या आत राहणारी. बाबांनी फोनवरच निकाल दिला होता. "बाहेरच्या टोप्या पोट्टे काढून नेतीन. आतलं पाठव."

दारव्हा रोडवरच्या टायरच्या दुकानात आम्ही ते बसवून घेतलं. दुकानदारानं एकेक टायर मशीनवर रिमपासून सोडवला, जुना व्हॉल काढला आणि त्याच्या जागी नवा बसवला. या नव्या व्हॉलच्या आतल्या टोकाला आगपेटीहून लहान काळी डबी होती. तीत तिची स्वतःची बॅटरी असते. चाक फिरायला लागलं किंवा हवा भराभर उतरायला लागली की ती जागी होते आणि आत हवा किती पौंड आहे, ती किती तापली आहे, हे बिनतारी कळवत राहते. समोरच्या काचेखाली चिकटवलेल्या पट्टीवर चार कोपऱ्यांत चार चाकांचे आकडे उमटतात. हवा ठरल्यापेक्षा कमी झाली की पट्टी लाल होऊन कोकलते. बटण दाबलं की गप्प बसते, पण गाडी पुन्हा सुरू केली की पुन्हा तेच. टायर चढवून, तोल पाहून, हवा मारून दुकानदार म्हणाला, "गरमीत थोडी कमी ठेवजा, काका." बाबा माझ्याकडे बघून हसले. हे यालाही ठाऊक आहे, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

त्यानंतरचे दोन महिने घरात बरे गेले. उगाच काम काढून बाबा गाडी बाहेर न्यायचे आणि परत येऊन मला पौंड सांगायचे. सकाळी गार चाकात किती, फिरून आल्यावर किती. शेजाऱ्यांना गाडीत बसवून दाखवायचे. मी त्यांना म्हटलं, नातवंडाचा पहिला दात आल्यासारखं काय करता. ते रागावले नाहीत. मला फार बरं वाटलं होतं, ते लपवत नाही.

एप्रिल संपता संपता नेरची मावशी आजारी असल्याचा निरोप आला. ती दुपारी झोपते, म्हणून आम्ही तीनच्या सुमाराला निघायचं ठरवलं. मी गाडीत बसून चावी फिरवली, पट्टी जागी झाली, आणि बाबा काडी घेऊन मागच्या डाव्या चाकाशी बसले. सुरुवात ते त्याच चाकापासून करायचे. बराच वेळ सुस्स आवाज आला. मग पट्टी लाल झाली आणि ओरडायला लागली.

"अवो बाबा, हे वाजून राह्यलं."

"वाजू दे. त्याले काय समजते आपली गरमी? कुठं थंड मुलखात बनलं असन ते." ते उठले, हात झटकले, घड्याळ पाहिलं. "चाल, बाकीची उद्या काढतो." चालकाच्या जागी बसून त्यांनी बटण दाबलं.

म्हणजे तीन चाकं भरलेली आणि एक उतरलेलं, अशी आमची गाडी नेरच्या रस्त्याला लागली. मी दुसरं काय बघणार? आकडे बघत होते. गाव सुटलं तसे चारही तापायला लागले. थोड्या वेळानं तीन एका जागी रेंगाळले. चौथा चढतच राहिला. मागचा डावा.

"ते चाक काहून तपून राह्यलं?" बाबांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "ऊन त्या अंगानं आहे न."

ऊन खरंच डावीकडून येत होतं. मी "हो" म्हटलं. पण पुढचं डावं चाकही त्याच उन्हात होतं आणि त्याचा आकडा उजव्यांच्या बरोबरीनंच होता. हवा कमी झाली की टायर रस्त्यावर पसरतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबतो, वाकतो. तार हातात धरून मागेपुढे वाकवली की वाकते तिथे ती चटका बसण्याइतकी तापते. टायर उन्हानं तापतो त्याहून जास्त असा तापतो. हे माझ्या डोक्यात आलं. बाबा दरवर्षी ज्या भीतीनं हवा काढत होते, ती भीतीच ते चाकात भरत होते. माझ्या मनात एकच आलं: हे यांना कळता कामा नये. हे कळलं तर यांच्यापाशी काहीच उरत नाही.

नेरला मावशी खाटेवर उठून बसली. बहिणीच्या आठवणीनं तिचे डोळे भरले, आणि बाबांनी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "मी त हवा बी काढली होती, बाई. चारही चाकाची."

मावशीनं मान हलवली. मी चहाचं निमित्त काढून उठले आणि स्वयंपाकघरात भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. कितीतरी वेळा ऐकलेलं वाक्य होतं ते. त्या दिवशी ते ऐकवेना.

परत निघताना मी म्हटलं, "बाबा, आधी हवा भरून घेऊ."

"कायले? गरमीत कोणी भरते का?"

"मग मला चालवू द्या."

"तू बस."

गाडी सुरू केल्याबरोबर पट्टी ओरडली, त्यांनी बटण दाबलं. आता ऊन उजवीकडून, पाठीमागून येत होतं. डावी बाजू सावलीत होती, तरी मागच्या डाव्याचा आकडा चढतच होता. मी बाहेर बघत राहिले, काहीबाही बोलत राहिले, मावशीच्या औषधांबद्दल, तिच्या सुनेबद्दल. बाबा हूं हूं करत होते. मग हुंकार बंद झाले. मी वळून पाहिलं तर त्यांची नजर रस्त्यावरून पट्टीवर आणि पट्टीवरून डावीकडच्या आरशात जात होती. त्यांनी गाडीचा वेग कमी केला, एका लिंबाखाली बाजूला घेतली आणि बंद केली.

ते उतरले. मागच्या डाव्या चाकाशी गेले, तळहात टायरवर ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग पुढच्या चाकावर ठेवला. तिथे तो ठेवता आला. बराच वेळ त्यांनी तो तिथेच ठेवला.

"तुले जातानाच समजलं होतं?"

"हो."

"म्हणून तू तिथून उठली."

मी म्हटलं, "बाबा, सगळेच काढतात. तुम्हाला कसं माहीत असणार?" ते ऐकत नव्हते.

"तुह्या आईले घाई होती," ते म्हणाले. "लग्नाच्या मांडवापाशी गाडी उन्हात उभी होती. चाक लय तपलं होतं. म्हणून निघताना मी अजून थोडी काढाले बसलो. ती म्हणे, राहू द्या, उशीर होते. मी म्हटलं, थांब न, तुह्याच बाजूचं चाक आहे, तुह्याचसाठी काढतो. तिले उन्हात उभं ठेवलं अन् काढली."

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मला रडू कोसळलं. बाबा रडले नाहीत. त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि पलीकडे जाऊन बसले.

मी गाडी सुरू केली. पट्टी लाल झाली आणि ओरडायला लागली. मी बटणाकडे हात नेला, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं.

"वाजू दे," ते म्हणाले.