माहेरच्या नावाची फाईल

"हे सिकलचं दुखणं नाही. सहा दिवसांपूर्वी आपण दिलेल्या रक्ताच्याच पेशी तिचं शरीर फोडून टाकतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रक्त फोडतं म्हणजे काय? रक्त काय मडकं आहे का?

त्यांनी कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं. डिलेड हिमोलिटिक ट्रान्सफ्युजन रिॲक्शन. सोप्या भाषेत सांगायचं तर चढवलेलं रक्त त्या दिवशी जुळलेलं दिसतं. पण काही दिवसांनी अंग त्याला ओळखतं, परकं ठरवतं आणि त्याच्या पेशी फोडायला लागतं. माझ्या सुनेचं, रेवतीचं, हिमोग्लोबिन रक्त चढवण्याआधी सहा होतं. आता ते पाचाच्याही खाली गेलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे. लघवी काळ्या चहासारखी. आणि पोटात सहा महिन्यांचं बाळ.

"रक्त तर द्यावंच लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पुन्हा चुकीचं गेलं तर दोघांनाही धोका आहे. काय चुकलं ते आधी शोधू द्या."

काय चुकलं होतं ते मी सांगते. मीच चुकले होते. पण हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही, बायांनो. ते कसं सापडलं आणि कसं सावरलं, ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो, कोणाला सांगू नि कोणाला नको असं होतं. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते, बोलताना आमची झाडीपट्टीतली बोली येते. तेवढं चालवून घ्या.

मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. सिकलसेल आमच्याकडे नवीन नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं. आईबाप दोघांकडून आला तर आजार, एकाकडूनच आला तर नुसता वाहक. गावात कोणाची सोयरीक निघाली की मी पत्रिका नाही, सिकलचं कार्ड मागते. लोक मला बघून म्हणतात, आली कार्डवाली बाई.

माझ्या राकेशसाठी चामोर्शीकडची पोरगी सांगून आली तेव्हा तिला सिकलचा आजार आहे हे तिच्या वडिलांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. आमची माणसं म्हणाली, "काऊन आजारी पोरगी घरात आणता?" मी राकेशची तपासणी केली. त्याच्यात सिकलचा मागमूस नाही. म्हणजे लेकरू वाहक होईल, आजारी होणार नाही. पोरगी शिकलेली, हसरी, कामाला वाघीण. मी लग्न लावलं आणि वर सगळ्यांना ज्ञान पाजलं. फार मिरवलं हो मी.

लग्नात राकेशनं तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं. रेवती. राकेशच्या रला र, मीच निवडलं होतं. माहेरचं नाव पायल. सासरी माहेरचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. आणि मी कामाला मागे नाही! महिनाभरात आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, आणि दिवस गेल्यावर माता कार्ड, सगळीकडे रेवती करून टाकलं. तिची लहानपणापासूनची दवाखान्याची फाईल माहेरच्या पेटीत राहिली. जुन्या नावाचे कागद कशाला आणायचे, मीच म्हटलं होतं.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत तिला दम लागायला लागला. चार पावलं चालली की बसायची. ब्रह्मपुरीला दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन सहा. एक पिशवी चढवायची ठरली. रक्तपेढीच्या अर्जावर प्रश्न होता, पूर्वी रक्त चढवलं होतं का? तो प्रश्न तिला विचारला होता. उत्तर मी दिलं.

"आमच्याकडे आल्यापासून एकदाई नाई," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आई, पण लहान असताना..." मी म्हटलं, "तू पडून राह्य, बोलू नोको, दम लागते." झालं. अर्जावर 'नाही' लिहिलं गेलं. जशी काही ती लग्नाच्या मांडवातच जन्मली होती.

त्या दिवशी क्रॉसमॅच केलं. क्रॉसमॅच म्हणजे पेशंटचं थोडं रक्त आणि पिशवीतलं थोडं रक्त नळीत एकत्र करून दोघांचं भांडण होतं का ते बघणं. भांडण झालं नाही. पिशवी चढली, तिच्या तोंडावर जरा लाली आली, मी खूश. सहाव्या दिवशी ताप आला, कंबर फुटायला लागली आणि लघवीचा रंग बदलला.

डॉक्टरीणबाईंनी वर सांगितलेलं ते सांगितलं आणि तासाभरात रक्तपेढीची शबाना मॅडम स्वतः वर वॉर्डात आली. तीस-पस्तिशीची बाई, ब्रह्मपुरीचीच, बापाचं बांगड्यांचं दुकान. ती माझ्याकडे न बघता सरळ रेवतीपाशी गेली.

"ताई, शादीच्या आधी तुमचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, "तिचं नाव रेवतीच आहे, सगळ्या कागदावर आहे."

"काकू, मी दुकानात बसून मोठी झाली," शबाना म्हणाली. "तुमच्या गावच्या पोरी लग्नाआधी बांगड्या भरायला येतात तेव्हा एक नाव सांगतात आणि पुढच्या साली दुसरं. मला सगळं माहीत आहे. यांना बोलू द्या."

असं मला आजवर कोणी बोललं नव्हतं! आणि माझी सून, जिला दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता, ती म्हणाली, "पायल. गडचिरोलीले माह्यावाली फाईल होती. लहानपणी तीनदा रक्त चढवलं. शेवटच्या वेळी थंडी वाजली होती. तिथल्या सरांनी लाल पेनानं काहीतरी लिहून देल्लं होतं."

लाल पेनानं! शबानाचे डोळे असे चमकले म्हणता! मला तेव्हा काही कळलं नव्हतं, पण तिच्या तोंडाकडे बघूनच मी राकेशला फोन काढायला लावलं.

राकेशनं सासऱ्याला फोन लावला. व्याही शेतात चिखलात. ते तसेच घरी धावले, पेटी उघडली, फाईल सापडली, पण त्यांच्या घरात नेटवर्क धरत नाही. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर चढलं तर धरतं. माणूस साठीचा, हातात फाईल, वरून झिमझिम, आणि पाळीवर उभं राहून पानामागून पान फोटो काढतोय. इकडे आम्ही तिघं एका मोबाइलला चिकटलेलो. पहिला फोटो आला, अंधूक. दुसऱ्यात व्याह्यांचा अंगठाच. "व्याहीबुवा, अंगठा काढा ना!" मी ओरडले. वॉर्डातल्या बाया हसायला लागल्या. तिसरा फोटो आला आणि शबानानं जवळजवळ उडीच मारली.

"ॲंटी-ई! काकू, मिळालं!"

तिनं मला तिथंच समजावलं, ते मी तुम्हाला सांगते. आपण ए, बी, ओ, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह एवढंच जाणतो. पण रक्ताच्या पेशीवर आणखी बऱ्याच खुणा असतात. त्यातली एक ई. रेवतीच्या रक्तात ती खूण नाही. लहानपणी ई असलेलं रक्त चढलं तेव्हा तिच्या अंगानं त्याच्याविरुद्ध ॲंटीबॉडी तयार केल्या. ॲंटीबॉडी म्हणजे परक्यावर भुंकणारी फौज. वर्षं जातात तशी ती फौज इतकी थोडी उरते की तपासणीत दिसत नाही, म्हणून क्रॉसमॅच जुळलं. पण कुत्र्यानं एकदा चोराला ओळखलं की ते विसरत नाही. ई पुन्हा आत आली आणि फौज उठली. त्या एका लाल ओळीत हे सगळं लिहिलेलं होतं आणि मी ती ओळ पेटीत ठेवायला लावली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता ओ पॉझिटिव्ह हवं, पण ई नसलेलं. रोवणीत रक्तदान शिबिरं होत नाहीत, सगळा गाव भाताच्या बांधीत असतो. फ्रीजमध्ये ओ पॉझिटिव्हच्या तीनच पिशव्या होत्या. शबाना आत गेली आणि मी रक्तपेढीच्या काचेला नाक लावून उभी राहिले. राकेश म्हणाला, "माह्यं घ्या, मी ओ पॉझिटिव्हच आहो." आतून उत्तर आलं, "नवऱ्याचं रक्त बायकोला नाही द्यायचं, पुढच्या बाळंतपणात त्रास होतो. बसा." बिचारा बाही वर करून आला होता, तसाच बसला.

पहिल्या पिशवीत ई होती. शबानानं काचेतून मान हलवली. दुसरीतही ई. बापा! वर माझी पायल ऑक्सिजनवर पडलेली, स्टेरॉइडचं इंजेक्शन चालू, बाळाचे ठोके मशीनवर टक टक. मी देवाला म्हटलं, कार्डवाली बाई म्हणून मिरवणार नाही, पण ही तिसरी बरोबर निघू दे.

तिसरी पिशवी. मिनिटं जाईनात. मग शबानानं नळी उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली. आणि काचेच्या आतून तिनं दोन्ही हात वर केले! मी बाहेर, ती आत, आणि मी काचेवर हात आपटून हसतेय नि रडतेय. वॉचमन म्हणाला, "बाई, काच फुटन." फुटू दे म्हटलं.

लगेच चढवली नाही हं. पुन्हा पूर्ण क्रॉसमॅच केलं, वेळ लागला, आणि कोणी घाई केली नाही. ते बरोबर होतं. पिशवी वर गेली तेव्हा पहिली पंधरा मिनिटं डॉक्टरीणबाई आणि नर्स दोघी पलंगापाशी उभ्या होत्या, ताप बघत, नाडी बघत. थेंब थेंब पडत होता. मी थेंब मोजले नाहीत, तिचा हात धरून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या नावानं हाक मारली. "पायल, कसं वाटून राह्यलं?"

"भूक लागली, आई," ती म्हणाली. "खाऱ्या मासोळीची चटणी पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी गावातून जीप भरून माणसं आली, पायांवर बांधीतला चिखल सुकलेला. सगळ्यांचं एकच, आमच्या सुनेलेच द्या आमचं रक्त, ओळखीचं रक्त चांगलं. शबानानं सांगितलं, ओळखीचं म्हणून चांगलं नसतं, तपासलेलं असतं ते चांगलं. कावीळ, एचआयव्ही, सगळं तपासूनच पिशवी फ्रीजमध्ये जाते आणि ज्याला जुळेल त्याला जाते. एकाला मागच्या वर्षी कावीळ झाली होती, त्याला परत पाठवलं. एकजण आदल्या दिवशी मोहाची दारू लावून आला होता, तो स्वतःच हळूच जीपमध्ये जाऊन बसला. मी पहिल्यांदाच रक्त दिलं. माझं बी पॉझिटिव्ह, पायलच्या काहीच कामाचं नाही. तरी दंडातून पिशवीत जाताना बघून मला जत्रेत पाळण्यात बसल्यासारखं वाटत होतं.

त्या तिसऱ्या पिशवीचं रक्त कोणी दिलं, मी शबानाला विचारलं. साडी-धोतर घेऊन त्याच्या घरी जायचं होतं मला. ती म्हणाली, "नियम नाही, काकू. सांगता येत नाही." मी किती गळ घातली, पण नाहीच. तर जो कोणी आहेस भाऊ, किंवा बाई, तुझे पाय धरले असं समज.

लघवीचा रंग चौथ्या दिवशी निवळला. हिमोग्लोबिन सातावर आलं, मग आठावर. घरी सोडताना शबानानं एक कार्ड दिलं, त्यावर दोन्ही नावं आणि ॲंटी-ई. म्हणाली, हे पर्समध्ये ठेवायचं, सासूकडे नाही. चांगलीच आहे ती!

धान कापणीच्या दिवसांत नात झाली. ई नसलेल्या दोन पिशव्या आधीच काढून ठेवल्या होत्या, त्या लागल्या नाहीत, दुसऱ्या कोणाला गेल्या. तुमच्या घरी वारंवार रक्त चढणारं कोणी असेल तर त्याचा जुना कागद जपा, नाव कोणतंही असो, एवढं सांगायला मी आता अंगणवाडीच्या बैठकीत अर्धा तास घेते.

पण बाळंतपणाच्या दिवसातलं मला काय आठवतं सांगू? दवाखान्याची खिडकी. पायल कळा देत बाकाला धरून उभी होती. आतल्या बाबूनं विचारलं, पेशंटचं नाव? पूर्वी रक्त चढवलंय? माझं तोंड सवयीनं उघडलं.

"आई, तुम्ही नोका बोलू," ती म्हणाली. मी गपकन मिटलं.

"सिकलसेल आहे," एक कळ गेली तसं ती खिडकीत वाकून सांगायला लागली, "लहानपणी तीनदा रक्त, या साली दोनदा. अंगात ॲंटी-ई आहे. मले ई नसलेलंच रक्त लागते. लिहा."

बाबू लिहीत होता. मग त्यानं पेन थांबवलं. "ताई, कार्डावर दोन नावं आहेत. कोणतं लिहू?"

पुढची कळ येत होती, तिनं माझा हात गच्च दाबला. तरी तिचा आवाज असा खणखणीत निघाला की मागची रांग वळून बघायला लागली.

"दोन्ही लिहा," ती म्हणाली. "पायल पहिले लिहा."