बारा मणी आणि लाखेचं सील

नोकरीत मी किती पंचनामे लिहिले आणि किती जबाब घेतले, ते आता आठवत नाही. बरेचसे गुन्हे विसरूनही गेले, आणि ते बरंच झालं. पण एका गुन्ह्यातले बारा सोन्याचे मणी मात्र अजून माझ्या तळहातावर आहेत, असं वाटतं. खून नाही, दरोडा नाही, साधी घरातली चोरी. पेपरात चार ओळी आल्या, त्याही माझं कौतुक करणाऱ्या. त्या कौतुकापायीच आज लिहायला बसले आहे. नावं कुणाची सांगणार नाही. ती माणसं अजून सुरतेतच आहेत आणि मीही इथेच आहे.

मी तेव्हा डिंडोली भागात ए.एस.आय. होते. आमचे वडील धुळ्याकडून मिलमध्ये कामाला आलेले, त्यामुळे मी जन्मले, वाढले ती उधन्यातच. दहावीनंतरचं माझं सगळं शिक्षण खात्यात झालं. ठाण्यात मराठी बाई रडत आली की अंमलदार हमखास हाक मारायचा, "बेन, तमारा गामवाळा आव्या!" म्हणजे तुमच्या गाववाल्या आल्या. मग खुर्ची ओढायची, आधी पाणी द्यायचं, नंतर कागद घ्यायचा. ही माझी पद्धत. आपली माणसं मला कळतात, असा माझा मोठा भरवसा होता.

शुक्रवारी सकाळी हजेरी संपत होती, तेवढ्यात ती आली. चाळिशीची बाई, नवरा पॉवरलूमवर, ही घरी धागा कटिंग करायची. एम्ब्रॉयडरीच्या साडीला मागच्या बाजूने जे धागे लोंबतात, ते कात्रीने कापायचे. साडीमागे काही पैसे मिळतात. आमच्याकडे गल्लीगल्लीत बायका हे करतात. बोटांना कात्रीचे घट्टे पडतात, ते हिच्याही होते. सोबत मुलगी होती, बारावी झालेली, चुणचुणीत.

बाई म्हणाली, "ताई, मनं सोनं गयं. मनी पोरनी फी शे ती." म्हणजे माझं सोनं गेलं, माझ्या पोरीची फी आहे ती.

हळूहळू सगळं सांगितलं. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षीपासून दर दिवाळीला ही एक सोन्याचा मणी घ्यायची. धागा कटिंगच्या पैशातून, एकच, पण भरीव. पोरीला नर्स करायचं, हे पहिलीतच ठरलेलं. बँकेत पैसे टाकले तर नवऱ्याला, दिराला कळतं, आणि भाऊबंदकीत कुणाचं लग्न निघालं की उसने मागायला सगळे येतात. म्हणून मणी. ज्या वर्षीचा मणी, त्या वर्षी हाताखाली असलेल्या साडीच्या धाग्यात ओवायचा आणि पुढे गाठ मारायची. कुठे गुलाबी धागा, कुठे पोपटी, कुठे जांभळा. बारा वर्षं, बारा मणी, बारा गाठी. घरात कुणाला पत्ता नाही, पोरीलासुद्धा नाही.

आता पोरीचा नर्सिंग कॉलेजला नंबर लागला होता. फी भरून जागा पक्की करायची शेवटची मुदत मंगळवारी. आई चार दिवस गावी एका दशक्रियेला गेली होती. गुरुवारी परत आली, मणी काढायला गेली, तर नाहीत.

"कुठे ठेवले होते?"

"थैलीमा. वर, खुंटीले."

"कुलूप तुटलं होतं?"

"नाही."

मी लिहिलं: कापडी थैलीसह बारा मणी, अज्ञात इसमाने चोरून नेले. थैलीत आणखी काय होतं, हे मी विचारलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाभोवती पुढचं सगळं फिरलं.

बाई मध्येच म्हणाली, "ताई, केस नका करू. तुम्ही नुसती चौकशी करा ना. माले मणी पाहिजेत बस."

मी म्हटलं, "अगं, लिहिल्याशिवाय चौकशी कशी होईल? गुन्हा दाखल झाला की डी-स्टाफ कामाला लागतो. घाबरू नकोस, तुझं सोनं मी आणते."

डी-स्टाफ म्हणजे आमच्याकडचं तपास पथक. बाईने सही केली. सही म्हणजे एकेक अक्षर दाबून काढलेलं नाव.

दुपारी घरी पंचनाम्याला गेले. दोन खोल्या, चकाचक झाडलेल्या. मी पोरीला आईसमोरच विचारलं, "आई गावी होती तेव्हा घरात कोण होतं?"

"मी आणि पप्पा."

"थैली पाहिली होतीस?"

"मला माहीत नाही. मी हात नाही लावला." हे बोलताना ती पायाच्या अंगठ्याने फरशीची फट कोरत होती. मी ते पाहिलं. साक्षीदाराला एकटं घेऊन विचारायचं, हे पहिल्या वर्षी शिकवतात. नव्या पोरींना मीच ते शिकवत होते. पण आपलीच पोर, बिचारी फीच्या काळजीत असेल, असं धरून मी उठले. अनोळखी घर असतं तर बसले असते.

शनिवारी दुपारी बातमी आली. उधन्यात एका चहाच्या लारीवाल्याशी, म्हणजे हातगाडीवाल्याशी, माझी जुनी ओळख. त्याचा फोन आला, "मॅडम, एक चिंदीवाली सोनाराकडे रंगीत दोऱ्यातले मणी दाखवून विचारत होती, खरं सोनं आहे का म्हणून. विकले नाहीत. गोनी घेऊन रिंगरोडकडे गेली."

चिंदीवाली म्हणजे घरोघरी फिरून कापडाचे तुकडे, कापलेल्या धाग्यांचा कचरा वजनावर घेणारी. तासाभरात आम्ही तिला आणलं. साठीची बाई, बोलण्यावरून मराठवाड्याकडची. मणी तिच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या डबीशेजारी होते.

"कुठून उचललेस?"

"उचललं नाई, बाई. चिंदीत निघालं."

"चिंदीत सोनं कोण ठेवतं गं? मला शिकवतेस?"

"मी काय सांगू? गोनी पालथी केली, तर धाग्याच्या गुंत्यात हे घावलं. आधी वाटलं खोटं हाय. खरं असंल तर ज्याचं त्याला द्यावं, म्हून सोनाराला इचारलं."

"कुठल्या घरची पिशवी?"

"दिवसाला चाळीस घरं फिरते मी. कुणाच्या तोंडावर लिवलंय?"

"आणि परत द्यायला निघाली होतीस! मोठी साध्वीच की."

माझ्या या बोलण्यावर शिपाई हसले. मीही हसले. ती हसली नाही. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. मारलं नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. तासभर ती तेच सांगत राहिली. शेवटी थकून म्हणाली, "लिवा तुमाला काय लिवायचं ते." मी लिहिलं. अटक दाखवली.

पी.आय. साहेब खूश. "बहु सरस, बेन! एक दिवसमां डिटेक्ट!" पत्रकारांच्या ग्रुपवर फोटो गेला. मणी टेबलावर, मागे आम्ही ओळीत उभे. मग पंच बोलावले, मणी पाकिटात घातले, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली आणि लाख वितळवून सील मारलं. ओळख पटवायला फिर्यादीला बोलावलं होतं, ती पोरीला घेऊन सील मारायच्या आधीच पोहोचली होती. मणी पाहताक्षणी तिने एकेका गाठीवर बोट ठेवलं. "हा गुलाबी, ही चौथीत होती तेव्हाचा. हा जांभळा, तेव्हा तिले टायफॉईड झालता." सील लागलं, तसा तिने पदर पुढे केला. घेण्यासाठी.

मी म्हटलं, "असे नाही मिळत, ताई. हा आता मुद्देमाल. कोर्टात अर्ज करायचा, कोर्ट हुकूम करेल, मग."

"कवय?"

"होईल लवकर."

"मंगळवारले फी शे, ताई."

मी काही बोलायच्या आत ती पोर रडायला लागली. नुसती नाही, हुंदके देऊन. "मॅडम, ती पिशवी मीच दिली. नंबर लागला म्हणून मी घर साफ केलं, मम्मीला सरप्राईज द्यायला. खुंटीवरची धाग्याच्या कचऱ्याची पिशवी मीच त्या आजीला दिली. मम्मी आल्यावर कळलं त्यात काय होतं. मला बोलताच आलं नाही."

कोपऱ्यात बाकावर बसलेली चिंदीवाली मान वर करून म्हणाली, "हीच ती पोरगी. मला पानी दिलं हुतं हिनं."

थैली म्हणजे धाग्याच्या कचऱ्याची पिशवी. ज्या पिशवीला घरात कुणी हात लावत नाही, त्यातच बाईने बारा वर्षं सोनं लपवलं होतं. कचऱ्यात सोनं ठेवलं हे सांगायची तिला लाज वाटली, आणि मला विचारायचं सुचलं नाही. माझी आईसुद्धा मिलच्या वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ सुताच्या, बोचक्यात पैसे ठेवायची. मला हे कळायला हवं होतं. आपली माणसं कळतात म्हणणारी मीच ना!

चोरी झालीच नव्हती. पाकिटावरची लाख अजून मऊ होती.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बेन, फिर्याद झाली, अटक झाली, प्रेसनोट गेली. आता जे होईल ते कायदेसर होईल." ते चुकीचं बोलत नव्हते. सील फोडायचा अधिकार ना त्यांना, ना मला. पोरीचा जबाब मी लगेच लिहून घेतला. चिंदीवालीला रविवारी हजर केलं तेव्हा तो पुढे ठेवला, तिला जामीन मिळाला. सोमवारी मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज झाला. तिथे विचारलं गेलं, मण्यांच्या खरेदीच्या पावत्या कुठे आहेत? बारा वर्षांतली एकही पावती बाईकडे नव्हती. गल्लीतला सोनार पावती देत नाही आणि ती मागत नाही. मग सोनाराचा दाखला, प्रतिज्ञापत्र, तारीख, पुन्हा तारीख. मणी हातात पडले तेव्हा नवरात्र आलं होतं.

मंगळवार मात्र मंगळवारीच आला. नवऱ्याने शेठकडून उचल घेतली, मेहुण्याकडून थोडे आणले, तरी पुरले नाहीत. दुपारी पोर एकटी ठाण्यात आली. रडली नाही. मोबाईलवरचं फी भरायचं पान दाखवून म्हणाली, "मॅडम, पाच वाजेपर्यंत चालू आहे. काहीच नाही का होणार?"

आता जे लिहिते आहे, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. कमी पडत होते तेवढे पैसे त्या दिवशी माझ्या खात्यात होते. फोन माझ्या हातात होता. मनात आलंही. पण लगेच दुसरं आलं, की पोलिसाने फिर्यादीला पैसे दिले तर लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणतील, उद्या कुणी उलटं लावलं तर? मी म्हटलं, "बाळा, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भर." तिने मान हलवली आणि "थँक्यू मॅडम" म्हणून गेली. पाच वाजले तेव्हा मी रोजनिशी लिहीत होते.

गुन्ह्याचा निकाल यथावकाश "गैरसमजुतीने फिर्याद" असा लागला. कागद बंद झाला. त्या चिंदीवालीला मात्र तिथल्या गल्ल्यांत पुढे कुणी पिशव्या दिल्या नाहीत. पेपरात फोटो आला होता ना. ती कामरेजच्या बाजूला गेली, असं लारीवाल्याकडून कळलं. तिची माफी मागायला जायचं म्हणत म्हणत मी निवृत्त झाले.

नव्या मुली भेटायला येतात, विचारतात, मॅडम, तपासातलं मुख्य काय? मी सांगते, समोरचं माणूस एक शब्द बोललं की त्या शब्दाच्या आत काय आहे ते विचारा. थैली म्हणाली, तर कसली थैली. आणि जो आपल्यातला वाटतो त्याला जास्त विचारा. हे सांगताना मी नीट सांगते. त्या मंगळवारचं सांगत नाही.

मागच्या महिन्यात गुडघा दाखवायला एका दवाखान्यात गेले होते. केस पेपर काढायच्या खिडकीशी रांगेत उभी होते. आतल्या मुलीने मान वर केली. तीच. भरली होती जरा, गळ्यात मंगळसूत्र. त्यात काळ्या मण्यांमध्ये काही सोन्याचे मणी होते. मी मोजायला लागले आणि थांबले. मागच्या बाजूला पांढऱ्या ड्रेसमधल्या नर्सेस ये-जा करत होत्या.

"मॅडम, ओळखलं का?"

"ओळखलं गं. कशी आहेस? आई?"

"मम्मी बरी आहे. अजून कटिंग करते, ऐकत नाही." तिने माझं नाव न विचारताच टाइप केलं, पैसे घेतले, कागद खिडकीतून सरकवला. मला खूप बोलायचं होतं. मागचा माणूस "चालो ने, माजी", चला ना आजी, म्हणून ढकलत होता.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी सहज, रोज शंभर जणांना म्हणत असेल तसं, "पावती जपून ठेवा हं मॅडम. पुढे लागते."