शेवेच्या वेबसाइटचं पहिलं प्रूफ

काय सांगू तुम्हाला, हसायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा. हे ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता. आणि आत्ताच सांगून ठेवते, माझं फारसं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही!

बावीस वर्षं मी आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, स्नेहलतागंज भागातल्या एका छापखान्यात मराठी प्रूफं तपासली. छापखाना बंद पडला. पन्नाशीच्या बाईला कोण नोकरी देणार? पण दिली! एका नमकीनवाल्या सेठजींना पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकांसाठी मराठी वेबसाइट हवी होती. पद काय, तर ‘वेब कंटेंट मॅनेजर’! महिनाभर काम बघणार, जमलं तर पक्की. मला ही नोकरी हवीच होती हो. दिवसभर घरी बसून भाजी निवडायची कल्पनाच सहन होत नव्हती.

माझ्यावर साहेब कोण, तर सव्वीस वर्षांची खुशबू. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताईजी, इस काम में सिर्फ भाषा से नहीं चलता. ड्राफ्ट, प्रिव्यू, लिंक, फोटो, सब देखना पड़ता है."

"बेटा, लग्नपत्रिकेपासून पंचांगापर्यंत सगळं तपासलंय मी. तू मला नको शिकवू."

शिकवू दिलं असतं तर? जाऊ द्या.

शुक्रवारी खुशबू बहिणीच्या सगाईला गेली. जाताना म्हणाली, "सारे पेज पढ़ लेना, गलतियाँ ठीक करके ये नीला बटन दबा देना." निळ्या बटणावर लिहिलं होतं ‘पब्लिश’. आता छापखान्याची पद्धत काय? वाचणाऱ्याने शेरा मारायचा, कंपोझिटरने दुरुस्त करायचं, मग दुसरं प्रूफ, मग तिसरं, मग मालकाची सही. तेव्हा कुठे छपाई! एकट्या बाईने बटण दाबलं आणि प्रकाशन झालं, असं कुठे असतं का? मी धरून चालले की पान पुढच्या टेबलावर जाणार.

मग काय, मजकुरातच कंस करून शेरे मारत सुटले. ‘परंपरेच्या सुवासात न्हालेली शेव’ (शेव न्हाली तर लगदा होईल). ‘शुद्ध तुपात तळलेली’ (खरं वाटत नाही, मालकांना विचारा). सेठजींच्या फोटोखाली (हे गृहस्थ गिऱ्हाइकावर का चिडलेत?). असे तेवीस शेरे! निळं बटण दाबलं आणि डबा उघडला.

दुपारी फोन. "नागपूरहून बोलतोय, तुमचा माल आम्ही विकतो. साइटवर तुपाबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे का?"

मला वाटलं, दुसरं प्रूफ नागपूरला बघतात वाटतं! "अगदी बरोबर. मीच लिहिलंय."

"म्हणजे तूप नसतंच?"

"मला शंका आहे. मालकांचं उत्तर आलेलं नाही."

"अहो, मग आम्ही माल ठेवायचा की नाही?"

"उत्तर आल्यावर ठरवा की! घाई कशाला?"

असे चार फोन आले. पुण्याच्या एका काकूंनी तर आणखी दोन चुका दाखवल्या. त्यांचेही शेरे मी घातले आणि पुन्हा बटण दाबलं!

चार वाजता सेठजी आले. हातात मोबाइल, चेहरा फोटोतल्यापेक्षा चिडलेला. "ताईजी! पूरे महाराष्ट्र में छप गया ये!"

तेव्हा कळलं. निळं बटण म्हणजेच छपाई! पण माफी? शेऱ्याबद्दल मी बावीस वर्षांत कधी माफी मागितलेली नाही.

"सेठजी, शेऱ्यांची जागा चुकली, मान्य. शेरा एकही चुकलेला नाही."

"एक भी नहीं?"

"एकसुद्धा नाही. तूप वापरता का, बोला!"

सेठजींनी इकडेतिकडे बघितलं. "मूंगफली का तेल है."

"मग?"

त्यांनी खुर्ची ओढली. "ठीक है. एक-एक देखते हैं. एक भी गलत निकला तो कल से मत आना. सब सही, तो नौकरी पक्की."

बसलो. शेव न्हात नाही, हे त्यांनी मान्य केलं. स्वतःचा चिडका फोटो बघून तर ते हसलेच. चोवीस शेरे झाले, चोवीसही बरोबर! मी पदर खोचला.

शेवटचं पान, ‘आमची माणसं’. खुशबूने एक फोटो टाकला होता: गोरीपान बाई, चष्मा नाही, सुरकुती नाही. खाली माझा शेरा: (या बाई कोण? यांना या कामातलं काही कळत असेल असं दिसत नाही.)

सेठजींनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताईजी, ये तो आप हो! खुशबू ने फोटो चमका दिया है."

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आता काय करता? शेरा चुकला म्हणावं, तर नोकरी गेली. बरोबर म्हणावं, तर...

मी मान ताठ केली. "सेठजी, पंचवीस शेऱ्यांत सगळ्यांत बरोबर शेरा हाच आहे. करा पक्की!"